खडपावरचा सी अर्चिन कसा पाहावा: पहिल्यांदा ओहोटीला उतरणाऱ्यांसाठी

कोकणातल्या खडकाळ किनाऱ्यावर सी अर्चिन बघायला येणारी बहुतेक मंडळी काळा काटेरी गोळा दिसला की फोटो काढतात आणि पुढच्या डबक्याकडे वळतात. त्यात गैर काही नाही. पण या प्राण्याचं किनाऱ्यावरचं काम त्याच्या अंगावर दिसत नाही, ते त्याच्या भोवतीच्या हातभर खडकावर दिसतं. शेवाळ कुठवर आलंय, कुठे अचानक थांबलंय, खडक कुठे उघडा पडलाय, कुठे गुलाबी झालाय, हे पाहायची सवय लागली की मग अर्चिनकडे बघायचं.

हा लेख कॉलेजात प्रकल्प करणाऱ्यांसाठी, मुलांना किनाऱ्यावर नेणाऱ्या शिक्षकांसाठी आणि नुसत्या हौशी लोकांसाठी आहे. दक्षिण कोकण आणि गोव्याचा किनारा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलाय. पुस्तकात अर्चिनची शरीररचना मिळते, इंटरनेटवर कॅलिफोर्नियाच्या गोष्टी मिळतात. पण आपल्या खडपावर, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकाळ पट्ट्यावर, उतरून नेमकं काय बघायचं, कोणत्या क्रमाने, हे कुणी सांगत नाही. म्हणून हा खटाटोप.

१. आधी पंचांग, मग बॅग

अर्चिन राहतो खडपाच्या अगदी खालच्या काठाला. तो भाग रोज उघडा पडत नाही. त्यामुळे दिवस निवडणं हीच पहिली पायरी, आणि निम्मे लोक इथेच चुकतात: रविवार आहे म्हणून जातात, समुद्राला रविवार ठाऊक नसतो.

जुना हिशोब अजून उत्तम चालतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा. येईल ती मुंबईच्या भरतीची साधारण वेळ. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे पूर्ण भरती पावणेचारच्या सुमारास आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी, दहाच्या आसपास, पूर्ण ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला भरती सव्वाअकराच्या सुमारास येते, म्हणून ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या आगेमागे. रत्नागिरी, मालवण, गोवा इथे भरती मुंबईच्या आधी येते. तासभर अलीकडे धरून चाला.

हा झाला अंदाज. जायच्या दिवसाची वेळ आणि पाण्याची उंची भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात किंवा त्यावर चालणाऱ्या एखाद्या अ‍ॅपमध्ये बघा. फक्त वेळ बघून थांबू नका, उंचीही बघा. ओहोटीची उंची अर्ध्या मीटरच्या खाली असेल तो दिवस कामाचा. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती-ओहोटी असते, पाणी ना नीट चढतं ना नीट उतरतं. त्या दिवशी गेलात तर अर्चिनचा पट्टा पाण्याखालीच राहील. उधाणाचे दिवस निवडा, आणि त्यातही पौर्णिमा-अमावास्येनंतरचे एकदोन दिवस. पाणी सर्वांत खाली बहुधा तेव्हा जातं, नेमकं पौर्णिमेला नाही.

किनाऱ्यावर पोहोचायचं ते पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी. उतरणाऱ्या पाण्याच्या मागेमागे खाली जायचं आणि पाणी वळलं की आपणही वळायचं. ओहोटीच्या वेळेलाच गाडीतून उतरलात, तर पाहण्याचा सगळा वेळ चढत्या पाण्यात जातो.

ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते मे. डिसेंबर ते फेब्रुवारी सर्वांत छान, पाणी निवळलेलं असतं. पावसाळ्यात खडपावर उतरू नका. त्यात पाहण्यासारखं काही नसतं आणि जीव जाण्यासारखं बरंच असतं.

२. जागा निवडताना नकाशात खाडी शोधा, आणि तिच्यापासून लांब जा

अर्चिन कंटकचर्मी गटातला. तारामासा, सी ककुंबर हे त्याचे भाऊबंद. या गटाची एक मोठी अडचण अशी की अंगातलं मिठाचं प्रमाण राखायची सोय त्यांच्याकडे नाही. बाहेरचं पाणी गोडं झालं की त्यांची पंचाईत होते. म्हणून नदी-खाडीच्या तोंडाजवळच्या खडकांवर, जिथे पावसाळ्यात गोड्या गढूळ पाण्याचा लोंढा येतो, तिथे अर्चिन शोधण्यात वेळ घालवू नका. समुद्रात पुढे घुसलेली, थेट लाटा घेणारी खडकाळ टोकं बघा. रत्नागिरीच्या आजूबाजूचे कातळ, देवगडजवळ कुणकेश्वर, मालवण-वेंगुर्ल्याची खडपं, गोव्यात हणजुण आणि वागातोर ही सुरुवातीला सोयीची ठिकाणं. मुंबईचे खडक इतर जीवांनी गजबजलेले आहेत, पण तिथलं पाणी गढूळ आणि गाळ भरपूर. दक्षिण कोकणात दिसतात तसे अर्चिन तिथे दिसतील या अपेक्षेने जाऊ नका.

एक गोष्ट फार उपयोगी पडते. खडपावर कालवं काढणाऱ्या बायका असतील तर आधी त्यांच्याशी बोला. कुठला दगड निसरडा, पाणी कुठून गुपचूप मागे येतं, काटेवाले काळे गोळे कुठल्या कपारीत असतात, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांच्या कामात लुडबूड न करता, मावशी म्हणून चार शब्द विचारले की माहिती मिळते. परतताना "काय गावला?" असा प्रश्न हमखास येतो, तेव्हा कॅमेऱ्यातले फोटो दाखवा. रिकामे हात पाहून त्यांना हसू येतं, फोटो पाहून मात्र त्या आणखी दोन जागा सांगतात.

मालवणला जाणार असाल तर लक्षात असू द्या की तिथला काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. नुसतं काठाने पाहणं वेगळं आणि खडकावर ठरावीक मापाच्या चौकटी टाकून मोजणी करणं वेगळं. मोजणी करायची तर वनविभागाला आधी विचारा.

३. काय काय हवं

कागदपत्रं:

- स्वतःचं ओळखपत्र.
- कॉलेजचा प्रकल्प असेल तर विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र. किनाऱ्यावर पोलीस, वनरक्षक किंवा गावकरी विचारतात, आणि तेव्हा हे पत्र खूप बोलणं वाचवतं.
- अभयारण्यात किंवा नमुने गोळा करायचे असतील तर संबंधित खात्याची लेखी परवानगी. नवख्यांना माझा सल्ला: नमुने गोळा करूच नका.
- त्या दिवसाचा भरती-ओहोटीचा तक्ता, कागदावर. खडपावर मोबाइलला रेंज असेलच असं नाही.

साहित्य:

- जाड तळव्याचे, पाठीमागून बंद असलेले बूट. स्लिपर नको, अनवाणी तर नकोच.
- पीव्हीसी पाइपची अर्धा मीटर बाय अर्धा मीटरची चौकट. कोपऱ्यांना जोड लावायचे आणि पाइपला भोकं पाडायची, म्हणजे ती पाण्यावर तरंगत नाही. आतून दोऱ्याने आडवे-उभे भाग पाडले की मोजणी सोपी जाते.
- पेन्सिल आणि पाणी न लागणारी वही. पेनची शाई पहिल्या शिंतोड्यात जाते.
- प्लास्टिकची लहान मोजपट्टी.
- पारदर्शक तळाचा डबा. डबक्याच्या पाण्यावर तो टेकवून आत बघितलं की चमक नाहीशी होते. कॅमेऱ्याला पोलरायझर असेल तर तोही हेच काम करतो.
- टोपी, भरपूर पाणी, चिमटा, जंतुनाशक.

४. वरून खाली उतरा, थेट काठाला पळू नका

अर्चिन पाहायचाय म्हणून सरळ पाण्याकाठी जाऊ नका. वरच्या कोरड्या कातळापासून सुरुवात करा आणि हळूहळू खाली या. सर्वांत वर दाण्याएवढ्या गोगलगायी फटींत दाटीने बसलेल्या असतात. त्यांच्याखाली बार्नेकल आणि कालवांचा खरखरीत पट्टा. मग खडकाला घट्ट चिकटलेल्या टोपीच्या आकाराच्या लिम्पेट गोगलगायी, सी अ‍ॅनिमोन, गालिच्यासारखे पसरलेले झोअँथिड (अ‍ॅनिमोनचेच वसाहतीने राहणारे नातलग). आणि शेवटी, पाणी जेमतेम मागे हटलेल्या भागात, सरगॅससमसारखी तपकिरी शेवाळं, गुलाबी कोरलाइन शेवाळाचे थर आणि त्यांच्यामधल्या कपारींत अर्चिन.

हा क्रम का, याचं उत्तर उतरता उतरताच मिळतं. वरचा कातळ दुपारी हात टेकवत नाही इतका तापतो. अर्चिनला तापणं आणि वाळणं फार सोसत नाही. तो पाणी साठून राहणाऱ्या खळग्यात किंवा सावलीच्या कपारीतच ओहोटी काढतो. त्यामुळे त्याची चराई खडपाच्या खालच्या पट्ट्यापुरती आणि डबक्यांपुरती असते. वरच्या कातळावर शेवाळ खरवडण्याचं काम गोगलगायी आणि लिम्पेट करतात. खालून वर जाताना चरणारा प्राणी बदलतो, आणि खडकाचा रंगही.

५. ओळख पटवा

या किनाऱ्यावर ज्याची गाठ पडण्याची शक्यता सर्वांत जास्त, तो स्टोमोप्न्यूस्टिस व्हॅरिओलॅरिस. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने १८१६ मध्ये त्याचं वर्णन केलं. पूर्व आफ्रिकेपासून प्रशांत महासागरापर्यंत तो आढळतो. काटे जाड, टोकदार, काळे. उन्हाची तिरीप पडली की त्यांच्यावर हिरवट-निळसर झाक चमकते. कपारीत स्वतःला असा गच्च बसवून घेतो की लाट त्याला हलवू शकत नाही.

जिवंत की मेलेला, हे बघायला हात लावायची गरज नाही. पाणी हलकेच ढवळा, काटे सरकतात. नीट पाहिलंत तर काट्यांच्या मधून बारीक, लवचिक नलिकापाद बाहेर आलेले दिसतात. टोकाला चूषक असलेले. यांनीच तो खडकाला धरून बसतो. त्याला ओढून उपटायचा प्रयत्न केला तर हे पाय तुटून खडकावरच राहतात, म्हणून "जरा उलटा करून तोंड बघू" हा मोह आवरा. तोंड खालच्या बाजूला असतं आणि त्यात पाच दातांचं यंत्र असतं. त्याला अ‍ॅरिस्टॉटलचा कंदील म्हणतात. दात आयुष्यभर वाढत राहतात आणि झिजताझिजता आपोआप धारदार होतात. दगडावर घासूनही बोथट न होणारे हे दात हीच अर्चिनची खरी ताकद.

नेहमीचा घोळ: वाळूत सापडणारी चपटी, पाच पाकळ्यांची नक्षी असलेली पांढरी चकती. ती सँड डॉलरची. तोही अर्चिनच्याच कुळातला, पण वाळूत पुरून घेऊन तिथलेच बारीक अन्नकण खाणारा. खडकावरच्या चराईशी त्याचा संबंध नाही. खडपाच्या नोंदीत त्याची चकती धरू नका. रिकामं कवच सापडलं तरी "इथे अर्चिन राहतो" असं लिहू नका, लाटेने ते कुठूनही आलेलं असू शकतं.

६. आता खडक वाचा

यासाठी बसा. उभ्याने हे होत नाही. एका अर्चिनजवळ दहा मिनिटं शांत बसून पुढच्या गोष्टी शोधा.

*खरवडलेली जागा.* कपारीच्या तोंडाशी, अर्चिन पोहोचू शकेल तेवढ्या अंतरात, मऊ शेवाळ नाहीसं झालेलं असतं. अंगण झाडून घ्यावं तसं. उरतो तो उघडा दगड किंवा गुलाबी कोरलाइन थर. हे शेवाळ अंगात चुना साठवतं, म्हणून चावायला कठीण. मऊ शेवाळ खाल्लं गेलं की त्याला ऊन आणि जागा मिळते. म्हणजे अर्चिन फक्त खातो असं नाही, कुणी वाढावं हेही ठरवतो. आणि या गुलाबी थरांवर अनेक जातींच्या अर्चिनची पोहत आलेली अळी उतरून बसते. चराईतून पुढच्या पिढीची जागा तयार होते, हे मला या सगळ्यातलं सर्वांत सुंदर वाटतं.

उघड्या दगडावर जवळून, तिरप्या उजेडात पाहा. पाच रेघांच्या छोट्या ताऱ्यासारखी खूण दिसली तर ते पाच दात एकाच वेळी दगडावर आवळल्याचे ओरखडे. लिम्पेटच्या जिभेचे ओरखडे वेगळे, बारीक आणि ओळीने. कुणी चरलंय हे ओळखायचा याहून नेमका पुरावा खडपावर नाही.

*आयतं अन्न.* प्रत्येक अर्चिन चरायला बाहेर पडतोच असं समजू नका. लाटांनी तुटून आलेले शेवाळाचे तुकडे काट्यांत आणि नलिकापादांत पकडून, जागेवर बसून खाणं हा त्याचा दुसरा मार्ग. अर्चिनच्या अंगावर शेवाळाचा तुकडा अडकलेला दिसला तर तो त्याचा डबा असू शकतो. असं वाहून येणारं अन्न भरपूर असेल तर अर्चिन कपारीत राहतो आणि आजूबाजूचं शेवाळ टिकतं. ते कमी झालं की तो बाहेर पडतो आणि उभं शेवाळ खायला लागतो. तोच प्राणी, तीच संख्या, पण परिणाम अगदी वेगळा. म्हणूनच "किती अर्चिन" या प्रश्नाइतकाच "कपारीत की उघड्यावर" हा प्रश्न महत्त्वाचा. वहीत दोन्हीसाठी वेगळे रकाने ठेवा.

खाल्लेल्या शेवाळाचा बराच भाग अर्धवट पचून बारीक गोळ्यांच्या रूपात बाहेर पडतो. या विष्ठेवर तळातले लहान जीव जगतात. मोठं, चिवट शेवाळ ज्यांना चावता येत नाही त्यांच्यापर्यंत ते पोहोचवण्याचं काम अर्चिन असं करतो.

*खळगे.* दात आणि काटे घासून काही जातींचे अर्चिन दगडात खळगा करतात आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच खळगे वापरले जातात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जांभळ्या अर्चिनने वाळूच्या दगडात कोरलेले असे खळगे प्रसिद्ध आहेत. अर्चिन गेला की त्या खळग्यात पाणी साठतं आणि दुसऱ्या जीवांना ओहोटीतला आसरा मिळतो. इथे मात्र एक सावधगिरी: आपल्याकडच्या जांभ्यात आणि काळ्या पाषाणात लाटांनी, गोट्यांच्या घरंगळण्याने झालेले खळगे ढीगभर असतात. अर्चिन बसलाय म्हणून खळगा त्यानेच केला असं लिहू नका. "खळग्यात आढळला" एवढंच लिहा.

*आसरा.* काट्यांच्या मधल्या जागेत बारीक कोळंबी, खेकड्याची पिल्लं, लहान गोगलगायी शोधा. काही जातींमध्ये मोठ्या अर्चिनच्या काट्यांखाली त्याच जातीची पिल्लं वाढतात.

*खाणारे.* अर्चिनला खाणारेही आहेत: खेकडे, शेवंडं, ट्रिगरफिशसारखे मजबूत दातांचे मासे, काही तारामासे, किनाऱ्यावरचे पक्षी. भक्षक भरपूर असतील तिथे अर्चिन कपारीतून कमी बाहेर पडतो. म्हणजे खेकडा अर्चिनला खात नसला, नुसता आसपास असला, तरी शेवाळाला फायदा होऊ शकतो. फुटलेलं ताजं कवच, बाजूला पडलेले काटे अशी शिकारीची खूण दिसली तर फोटो काढाच.

७. मोजायचं कसं

खालच्या पट्ट्यात किनाऱ्याला समांतर दोरी टाका आणि ठरावीक अंतरावर चौकट ठेवा. अंतर घरूनच ठरवून जा. समोर पाहून चौकट ठेवली की हात आपोआप अर्चिन दिसतोय तिथे जातो, आणि मग आकडे फुगतात.

प्रत्येक चौकटीत हे लिहा: अर्चिन किती, त्यातले कपारीत किती आणि उघड्यावर किती, मऊ शेवाळ, गुलाबी थर, उघडा दगड, वाळू यांचं टक्क्यांत प्रमाण, लिम्पेट आणि गोगलगायींची संख्या, डबकं असेल तर खोली. शेवटी चौकटीच्या बरोबर वरून एक फोटो, मोजपट्टीसकट. आकाराची नोंद घ्यायची असेल तर काटे सोडून फक्त कवचाचा व्यास अंदाजा. बाहेर काढून मोजू नका.

सर्वांत जास्त विसरलं जाणारं काम म्हणजे जोडीची जागा. अर्चिन असलेली एक कपार पाहिलीत की तशीच, त्याच उंचीवरची, तेवढाच ओलावा असलेली पण अर्चिन नसलेली कपार शोधा आणि तिथेही तेच मोजा. ही तुलना नसेल तर उघडा दगड अर्चिनमुळे आहे हे म्हणायला आधार नाही. वाळूच्या घासणीने, उन्हाने, लिम्पेटच्या चराईने, माणसांच्या पायांनीही दगड उघडा पडतो.

तुलनेनेही पुरती खात्री होत नाही. रॉबर्ट पेन आणि रॉबर्ट वाडास यांनी वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर काय केलं ते वाचण्यासारखं आहे. त्यांचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी डबक्यांतून अर्चिन काढून टाकले, बाजूची डबकी तशीच ठेवली आणि वाट पाहिली. अर्चिन गेल्यावर शेवाळाच्या जाती आधी वाढल्या. मग काही काळाने एकदोन दांडग्या जातींनी बाकीच्यांना झाकून टाकलं. म्हणजे चराई फार असली तर उजाड, अजिबात नसली तर एकाचीच मक्तेदारी. विविधता मधल्या कुठेतरी. तुम्ही हा प्रयोग करू नका, त्याला परवानगी आणि दीर्घ काळ लागतो. पण तुमच्या मोजणीत अर्चिनची संख्या आणि शेवाळाच्या जातींची संख्या यांचा आलेख काढून तो सरळ रेषेत जातो की मध्ये फुगतो, हे जरूर बघा.

८. दुसऱ्या समुद्राची गोष्ट आपल्या खडपावर चिकटवू नका

प्रकल्पांच्या अहवालात हे इतकं दिसतं की वेगळं सांगायला हवं. अर्चिन शोधलं की पहिल्यांदा समोर येतो तो समुद्री ऊदमांजराचा, म्हणजे सी ऑटरचा, किस्सा. जेम्स एस्टिस आणि जॉन पाल्मिसानो यांनी १९७४ मध्ये अलास्काच्या अ‍ॅल्युशन बेटांवरून दाखवलं की जिथे ऊदमांजरं आहेत तिथे अर्चिन आटोक्यात आणि केल्पची, म्हणजे थंड समुद्रातल्या उंच तपकिरी शेवाळाची, जंगलं उभी. जिथे ती फरसाठी मारून संपवली गेली तिथे अर्चिनने तळ उजाड केला. दुसरी गोष्ट उत्तर कॅलिफोर्नियाची. २०१३ पासून तारामाशांची साथ आली, अर्चिन खाणारा सूर्यफूल तारामासा जवळपास संपला, पाठोपाठ समुद्राचं पाणी तापलं, आणि काही वर्षांत तिथलं ९० टक्क्यांहून जास्त केल्प गेलं. जांभळे अर्चिन तळभर पसरले.

या दोन गोष्टी वाचून अर्चिन म्हणजे खलनायक असं वाटायला लागतं. मग कॅरिबियन वाचा. १९८३-८४ मध्ये तिथले लांब काट्यांचे डायडेमा अर्चिन एका साथीत ९० टक्क्यांहून जास्त मेले. शेवाळ खाणारं कुणी उरलं नाही आणि प्रवाळांवर शेवाळ चढलं. तिथे अर्चिन नसणं हेच संकट ठरलं.

आपल्याकडे केल्प नाही, ऊदमांजराची ती साखळी नाही. आपल्या खडपाचं वेळापत्रक पावसाळा ठरवतो. जून ते सप्टेंबर लाटा, गाळ आणि गोडं पाणी मिळून खडकाचा चेहरा बदलतात. पावसानंतर शेवाळ नव्याने फुटतं, हिवाळ्यात दाट होतं, उन्हाळ्यात उन्हाने करपतं. त्यामुळे मे महिन्यात उघडा दगड दिसला तर तो अर्चिनच्या खात्यावर मांडू नका, आणि जानेवारीत शेवाळ दाट दिसलं तर अर्चिन काहीच करत नाही असंही ठरवू नका. माझं मत विचाराल तर आपल्या खडपावर अर्चिन हा कपारीपुरता, पण त्या कपारीत जबरदस्त असा कारागीर आहे. अख्ख्या किनाऱ्याचं भवितव्य त्याच्या हाती असल्याचा सूर अहवालात आणू नका. तुमच्या चौकटी जेवढं सांगतात तेवढंच लिहा.

९. काटा मोडला तर, आणि बाकीच्या काळज्या

समुद्राकडे पाठ करून बसू नका. एक जण सतत पाण्यावर नजर ठेवील असं आधीच ठरवा, आणि एकट्याने कधीच उतरू नका. ओल्या हिरव्या शेवाळावर पाय देण्यापेक्षा खरखरीत बार्नेकलवर द्या, घसरणं टळतं. प्रवाळावर मात्र पाय देऊ नका. ते आणि सी ककुंबर, दोन्हींना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. सुंदर नक्षीचा, शंकूच्या आकाराचा शंख दिसला तर उचलू नका. कोन शंखाचा डंख विषारी असतो.

अर्चिनचा काटा घुसला तर चोळू नका, दगडाने ठेचू नका. दिसणारा काटा चिमट्याने सरळ ओढून काढा. सोसेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या वर नाही, तो भाग अर्धा ते दीड तास ठेवला की वेदना कमी होतात. तुकडा आत राहिला, सांध्याजवळ लागलं, सूज वाढली किंवा धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील, तर डॉक्टरांकडे जा. घरगुती उपायांवर दिवस काढू नका.

१०. नोंद कुठे द्यायची

त्याच दिवशी संध्याकाळी वही उतरवून काढा. दुसऱ्या दिवशी स्वतःचंच अक्षर लागत नाही. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, जागा आणि वेळ बरोबर भरून. जातीची खात्री नसेल तर "सी अर्चिन" एवढंच लिहून सोडा, जाणकार पुढची ओळख सुचवतात. चुकीचं नाव ठामपणे टाकण्यापेक्षा हे बरं. मुंबईतल्या वाचकांना 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'च्या किनारा-फेऱ्यांना जाऊन खडप वाचायची सवय करता येईल. रत्नागिरीला गेलात तर कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आणि संग्रहालय बघून घ्या, कवचं जवळून पाहायला मिळतात.

चौकटीची जागा पुन्हा सापडावी म्हणून दगडावर रंग फासू नका किंवा खिळे ठोकू नका. दोन ठळक दगड एका फोटोत येतील असा फोटो काढून ठेवा आणि जीपीएसचे आकडे लिहून ठेवा. मेच्या अखेरीस एकदा आणि पाऊस ओसरल्यावर, नोव्हेंबरच्या पहिल्या उधाणाला, त्याच चौकटी पुन्हा टाका.